पांढरी कार्डं

बुरुलाईबाईंनी प्रत्येकाला एकेक दिलं होतं,
व्हॅसलीन फासलेलं, तळहाताएवढं.
खिडकीबाहेर टांगा, म्हणाल्या, आठ दिवस हात लावू नका,
बिश्केकची हवा स्वतःच लिहील त्यावर.

आठ दिवसांनी भिंग घेऊन मोजत बसलो.
एका चौकटीत माझे एकेचाळीस ठिपके.
डोंगराकडे राहणाऱ्या एर्मेकचे फक्त नऊ,
तो उगाच छाती काढून हिंडला.

नुरझादा दप्तरातून काढेचना.
काढलं तेव्हा मोजण्यासारखं काही नव्हतंच,
नुसती काजळी, आणि मधोमध
चिकटलेला एक धागा, अर्धवट जळलेला, जांभळा.

तिची आई कारखान्यात कोट शिवते.
कोळसा परवडत नाही,
चिंध्यांची पोती मात्र फुकट मिळतात.
गेल्या आठवड्यात कोट जांभळे होते.

फळ्यावर आलेख चढत होता.
तिच्या घराची रेघ फळ्याबाहेर जाणार, सगळ्यांना कळलं.
कुणी हसलं नाही. एर्मेकसुद्धा नाही.

तिनंच विचारलं, अगदी हळू,
"बाई, थंडी मोजायचं कार्ड कुठलं?"

खडू थांबला.
बाहेर उणे सतरा होतं.

आज बाईंनी एक खोकं आणलंय,
त्यात थर्मामीटर, जुने, कुणाकुणाकडून मागून आणलेले.
माझा मी खिशात घातलाय.
घरी जाताना मांडीला लागतो, गार,
आणि दर दहा पावलांवर मी थांबून बघतो
फुटला तर नाही.