कोणता हात

"कोणता हात?" बॉल पुढे धरून
इक्राने विचारलं,
आणि मी उजवा पुढे केला,
प्रसादाला करतात तसा.

नायगावचं मैदान, सकाळचे सव्वासहा.
पलीकडे हास्य क्लबची मंडळी
हात वर करून, ठरल्याप्रमाणे, हसतायत.
आंतर-वॉर्ड महिला स्पर्धेसाठी पाणी खात्याला
अकरावी बाई मिळत नव्हती. म्हणून मी.
वय एकोणपन्नास, गुडघ्याला पट्टा,
नवे कॅनव्हासचे बूट,
आणि माळ्याची ही तेरा वर्षांची पोर माझी गुरू,
रोज एक कटिंग, दोन खारी, या फीवर.

"कोपर नाय वाकवायचं, मावशी.
हात कानाला घासून आला पायजे.
वाकलं तर फेकी. फेकी नाय चालत."

माझं कोपर वाकतंच.
वाकून वाकूनच तर त्याने आजवर नोकरी केली,
शिक्के मारले, मीटरची गंजलेली झाकणं उचलली,
घरी येऊन कणीक तिंबली.
पहिला बॉल जाळीवरून थेट गटारात.
दुसरा माझ्याच पायापुढे, पचकन.
तिसरा हास्य क्लबच्या गोलात पडला.
ते थांबले.
मग पहिल्यांदाच खरे हसले.

चौथ्या दिवशी
गटारात उतरून बॉल काढला,
उजव्या हातात साडीचा ओचा होता,
म्हणून डाव्यानेच भिरकावला इक्राकडे.
सपाट गेला. वाटेत स्टंप होता, तो पडला.

"मावशी, तू डावरी हायस?"

नाही, म्हणाले मी.
इतक्या पटकन, की माझं मलाच ऐकू आलं.

दुसरीत होते. आईने माझ्या डाव्या हातावर
बाबांचा मोजा चढवला
आणि मनगटाशी परकराची नाडी बांधली.
लिहिताना, जेवताना, कुणाकडे हळदीकुंकवाला जाताना.
रागाने नव्हे.
पुढच्या घरी काय म्हणतील, म्हणून.
निळा मोजा होता, टाचेकडे विरलेला,
त्या भोकातून अंगठा मधूनमधून डोकवायचा.
दिवाळीच्या सुटीपर्यंत हात शहाणा झाला.
पुढच्या घरी त्याबद्दल कोणी काही म्हणालं नाही.
म्हणायला तिथे इतर बरंच होतं.

तरी कुलूप मी डाव्यानेच उघडते.
डासही तोच मारतो.

इक्राने काही विचारलं नाही मग.
डाव्या हाताची बोटं एकेक करून बसवली,
दोन शिवणीवर, अंगठा खाली.
"उजव्याने ती टाकी दाखव.
टाकीकडे बघत ये. आणि सोड."
कधी सोडू?
"ते सांगता नाय येत."

सात पावलं. टाकी.
आमच्याच खात्याची टाकी, तिच्यावरचा कावळा,
कानाशी काहीतरी घासून गेलं,
माझाच दंड होता तो,
सरळ,
आणि हात रिकामा झाला.

वाईड होता. हातभर वाईड.
इक्राने अंपायरसारखे दोन्ही हात पसरले,
चेहरा अगदी गंभीर,
आणि तसेच पसरलेले ठेवून
माझ्याकडे धावत आली.

रात्री आई बामची बाटली घेऊन बसली.
ऐंशी झाली, हातांना कंप आहे.
"कोणता खांदा?"
मी डावा पुढे केला.
तिने चोळला. दंडावरून खाली आली,
कोपरापर्यंत, मनगटापर्यंत,
जिथे दुखत नव्हतं तिथेही.
टीव्ही चालू होता. आम्ही दोघी तिकडे बघत होतो.

मग बाटलीचं झाकण लावता लावता म्हणाली,
"बूट चावत असतील तर मोजे घाल उद्या.
दोरीवर आहेत."