एका तासाला एक तास

टेप घाईनं उतरत नाही.
साठ मिनिटांची असेल तर साठच मिनिटं
तौनोला बसावं लागतं, गार कॉफीपाशी,
कॅमेऱ्याच्या कुशीत वायर खुपसून.
जुना कंप्युटर पंख्यातून धापा टाकतो.

बाहेर केमीचा समुद्र गोठलाय.
दुपारी तीनलाच दिवे लावलेत शेजाऱ्यांनी.

लेबलवर तूलिक्कीचं तिरकं अक्षर: जून, होडी.
कॅमेऱ्यात तारीख तिनं कधी लावलीच नाही,
त्यामुळे यांचे सगळे उन्हाळे
एक जानेवारीला झालेत.

होडी येते. रात्री अकराचं ऊन.
पाइक मासा कल्ल्यात धरून हसणारा मेव्हणा,
त्याच्या दातांवर अचानक चौकोन फुटतात.
गळलेल्या फ्रेम: सतरा.
तौनो टेप काढतो, हेड पुसतो, मागे नेतो.
आता एकोणीस गळतात.

मग ती कॅमेरा बंद करायला विसरली
ती अकरा मिनिटं.
गवत. रबरी बुटाचं टोक. गवत.
आडवं आभाळ, पिशवीचं अस्तर,
आणि अस्तराआडून तिचा आवाज
बहिणीला सांगतोय,
तौनोला मासा साफ करता येत नाही गं,
निम्मं मांस काट्यालाच ठेवतो,
पण बोलू नकोस हं,
त्याला वाटतं येतं.
दोघी खिदळतात. पिशवी हलते.

पडद्यावर चौकट उघडते:
चित्र नसलेला भाग काढून टाकायचा?

तौनो 'नाही' दाबतो.
जरा जोरातच.
आणि खोलीत कुणी नसताना
मान वर करून म्हणतो,
"येतं की."