गाठीपुरती जागा

बुधवारी रात्री पाणी येणार होतं, चार दिवसांनी.
म्हणून जागे होतो मुनाफच्या गच्चीवर,
अशोक चौकाच्या मागं. खाली पिंपांची रांग, वर आम्ही चौघं.
अकरा वाजले तरी फरशी तापलेलीच.
डागी टॉवेलांची चवड अंथरून बसलेलो,
मधे कागदावर शेंगाचटणी, कडक भाकरीचे तुकडे
आणि तडकलेल्या काचेचा एकच फोन.

नियम महांतेशचा: ज्यानं त्यानं एक गाणं लावायचं,
आपलं सगळ्यात आवडतं. आणि का, ते सांगायचं.
"नुसतं भारी हाय म्हणायचं नाही बे.
भारी तर तू भज्यालापण म्हणतोस."

मुनाफनं लावली कव्वाली.
बोट वर करून म्हणाला, "शब्द बघा.
एकच ओळ नऊ वेळा म्हणतो माणूस
आणि नवव्या वेळी ती पहिल्यांदा कळते."

महांतेश बँडात क्लॅरिनेट वाजवतो,
लग्नसराईनं ओठ सुजलेला.
त्यानं लावला कुण्या बाईचा नुसता आलाप.
"शब्द काय, पत्रिकेवरपण असतात.
श्वास कुठं घेतला ते दाखवा मला.
दाखवा की!"
आम्ही कान टवकारून बसलो. सापडला नाही.

माझं होतं एका पडेल पिच्चरचं.
कारण सांगता येईना. शेवटी बोललो:
बारावीला नापास झालो त्या दिवशी
सायकलच्या दुकानात हेच लागलं होतं,
आणि दुकानदारानं पंक्चरचे पैसे घेतले नव्हते.
"ते गाणं नाही बे," मुनाफ म्हणाला, "ती मार्कशीट हाय तुझी."
हसलो सगळे. मीपण.

राहिला अंबादास यमूल.
बावीस वर्षं मागावर. डावा कान खटखटीनं खाल्ला,
उजवा अर्धा उरलाय.
आमची तिन्ही गाणी त्यानं
फोन स्टीलच्या तांब्यात ठेवून,
तांब्या जबड्याला टेकवून ऐकली होती,
डोळे मिटून, ताप बघावा तशी.

त्यानं फोन परत केला.
"माझं यात नाही," म्हणाला,
आणि म्हणू लागला, बेसूर म्हणावं इतपत मोठ्यानं,
तेलुगूत, अर्धे शब्द हरवलेले.
अम्मा विड्या वळताना गुणगुणायची ते.
दुसऱ्या ओळीच्या मधेच थांबला.
विसरला वाटलं. महांतेश तोंड उघडणार,
तेवढ्यात पुढची चाल आली.
पुन्हा तिथंच थांबला. पुन्हा आली.

मग सांगितलं:
तिथं अम्मा विडीला दोरा गुंडाळायची.
ओठ घट्ट मिटून. हजार विड्या, हजार वेळा.
"मला वाटायचं, गाणंच तसं हाय.
मग मेहुण्याच्या लग्नात ऐकलं ते, पूर्ण,
बाजाच्या पेटीवर. कुठं थांबलंच नाही बे ते!
मी मांडवात उभा, घास हातात,
म्हटलं, यांनी गाठच मारली नाही.
सुटंल की सगळं."

कुणी बोललं नाही. लांब
कुठल्यातरी शेडात रात्रपाळी चालू होती.

मग अर्थातच मुनाफ बोलला.
"पण ही थोरवी गाण्याची, का अम्माची?"
"श्वासाची," महांतेश म्हणाला. "मी काय सांगत होतो?"
"श्वासाची नाही, दोऱ्याची."
"म्हणजे उद्या मी क्लॅरिनेट थांबवून चप्पल घातली
तर तेपण संगीत?"
"कुणाची चप्पल, त्यावर हाय ते."
अंबादास चटणी बोटानं पुसून खात होता,
यातलं किती ऐकू गेलं, कोण जाणे.

पावणेदोनला नळानं आधी हवा सोडली,
सूंऽऽ करत, एक लांब सूर.
"पाणी!" अंबादास उठला,
आमच्या कुणाच्याही आधी.
त्यालाच कसं कळलं, ते विचारायचं राहिलं.

जिन्यावर भांडण चालूच. पाइप धरून चालू.
पिंप भरत आलं की आवाज चढत जातो;
महांतेश म्हणे तो वरच्या साला पोचतो.
मी नळ बंद केला, पाइप दुसऱ्या पिंपात घालायला,
एवढीशी जागा पडली मधे,

आणि तिघंही गप्प झाले.