शब्दाला दोन डॉलर

होनियाराच्या रेडिओ कचेरीत डावीकडची खिडकी माझी.
लोक चिठ्ठी सरकवतात, मी शब्द मोजते.
शब्दाला दोन डॉलर.
नाव फुकट, बेटाचं नाव फुकट,
बाकी सगळ्याला पैसे पडतात.

बावीस वर्षं बघतेय माणसं कशी खोडतात ते.
आधी 'प्रिय' जातं.
मग 'खूप', मग 'आम्ही सगळे',
मग क्रियापदापाशी येऊन पेन थबकतं.
मलाइटाची एक बाई, एका पायात चप्पल,
तिनं लिहिलं होतं : आई फार हाल न होता गेली.
मूठ उघडून नाणी पाहिली
आणि मधले चार शब्द खोडले.
आई गेली. चार डॉलर.
संध्याकाळी एलिसननं ते वाचलं
आणि 'गेली'नंतर इतका थांबला
की तंत्रज्ञाला वाटलं, वीज गेली.
थांबण्याचे पैसे आम्ही लावत नाही.

मंगळवारी मंडळाची बैठक.
मला बोलावलं, कारण वह्या माझ्याकडे.
ब्रिस्बेनहून आलेला सल्लागार पडद्यावर
एक गोल दाखवत होता, पपई कापल्यासारखा.
अनुदानाची फोड एवढीशी.
वीज कंपनीची थकबाकी सात महिन्यांची.
शॉर्टवेव्हचा मनोरा गंजलेला,
त्याला लागणारा व्हॉल्व्ह जगात आता कुणी बनवत नाही.
आणि संध्याकाळी साडेपाच ते सहा, निरोपांचा अर्धा तास,
हा निव्वळ तोटा.
तो फोन कंपनीला हवाय.
रग्बी, प्रश्न, बक्षिसं. लोक फोन करतील.

आमची हिशेबनीस डोर्कस गानिफिरी
चष्मा पुसत म्हणाली, तिकोपियाला टॉवर आहे का?
पुढच्या टप्प्यात, सल्लागार म्हणाला.
पुढचा टप्पा हे आमच्या देशातलं
सगळ्यात दूरचं बेट. तिथे बोट जात नाही.

मग अध्यक्षांनी मला विचारलं,
निरोप वाढताहेत की घटताहेत?
घटताहेत, म्हटलं.
खरं तेच सांगितलं.
गेल्या वर्षी चार हजार, त्याआधी सहा.
का घटले, ते कुणी विचारलं नाही
आणि मीही न विचारता बोलले नाही.
रग्बी मलाही आवडते.
माझा भाचा खेळतो.
पगार दोन महिने अडकलाय,
फोनवाले आले तर तारखेला होईल.
हे सगळं त्या एका 'घटताहेत'मध्ये होतं,
आणि मोजलं तर एकच शब्द.

शुक्रवारी अध्यक्षांचा मसुदा खिडकीवर आला.
श्रोत्यांना अधिक दर्जेदार सेवा देण्याच्या दृष्टीने
प्रसारणाची सर्वंकष पुनर्रचना करताना...
डोर्कस म्हणाली, नियम सगळ्यांना सारखा,
रेडिओचा असला तरी निरोपच आहे, खात्यावर टाक.
शहाऐंशी डॉलर झाले.
मी पेन घेतलं.
आधी दर्जेदार गेलं. दृष्टी गेली.
सर्वंकष जाताना कुणालाच काही वाटलं नाही.
उरलं : सोमवारपासून निरोप नाहीत.
सहा डॉलर. अध्यक्षांनी सही केली,
बहुधा रक्कम पाहून.

एलिसननं वाचलं. थांबला.
काचेमागे मी होते, डोर्कस होती,
बाहेर दोन पोरं नारळ सोलत होती, तीही होती.
व्हॉल्व्ह गुणगुणत राहिला.
त्या शांततेत किती बेटं बसली असतील
ते कुठल्या वहीत नाही.

सोमवारी रग्बी झाली. चांगली झाली.
एक मुलगी सायकल जिंकली.
पगारही झाला.

पाच आठवड्यांनी बोटीच्या टपालातून एक पाकीट आलं,
ओलसर, शिक्का पुसलेला,
आत वहीचा तुकडा आणि दोन डॉलरचं नाणं.
तुकड्यावर लिहिलं होतं : ऐकलं.

मी मोजलं.
शब्द एक, पैसे बरोबर.
पावती फाडली, पण नावाची ओळ रिकामीच राहिली.
पाठवणाऱ्यानं नाव लिहिलं नव्हतं.
फुकट होतं, तरीही.