वीस भाग

एल आल्तो. पहाटेचे सव्वातीन.
समुद्रापासून चार हजार मीटर वर
हवा आधीच पातळ,
गवळ्यानं पाणी घालून विकल्यासारखी.

काचेच्या पेटीत बासिलियाचा मुलगा.
नाव ठेवायचंय अजून. कार्डावर वजन, तीन किलो शंभर,
आणि आईचं आडनाव, माझ्याच घाईच्या अक्षरात.
उजव्या तळहाताला पंच्याऐंशी, पायाला सदुसष्ट.
एवढ्याशा देहात दोन आकडे,
कारण रक्त अजून जुन्याच वाटेनं जातंय,
फुप्फुसांना वळसा घालून,
पोटातल्या सवयीनं.
त्याला कुणी सांगितलंच नाही
की जन्म होऊन गेला.

सिलिंडर एकच. काटा लाल रेघेच्या जरासा वर.
मी नळी जोडते, आकडा लावते.
दहा लाखांत वीस भाग.

दारात फ्लोरेंसिओ, बाप.
ला सेहाच्या चौकातून मिनीबस चालवतो,
जाकिटाला डिझेलचा वास.
काय आहे त्यात, विचारतो.
खोटं सांगायला माझ्याकडे वेळ नाही.
तुमच्या गाडीच्या धुरात असतो ना, त्यातलाच एक वायू.
वीज कडाडते तेव्हा आभाळातही होतो.
जास्त झाला तर विषच.

तो स्वतःच्या हातांकडे बघतो.
अकरा वर्षं चढावर, दुसऱ्या गियरमध्ये,
हेच मागं सोडत आलाय.

विषाची परीक्षा पाहू नये म्हणतात.
मी रोज रात्री पाहते. मोजून.

आत, केसाहून बारीक वाटांवर
घट्ट मिटलेल्या मुठी.
हा वायू जातो, एकेक बोट सोडवतो
आणि उंबऱ्यावरच संपतो,
घरात पाऊलही टाकत नाही.
असा पाहुणा मी दुसरा पाहिला नाही.

सदुसष्ट. सदुसष्ट. एकोणसत्तर.
मग बराच वेळ काहीच नाही,
फ्लोरेंसिओ मनात काहीतरी आयमारात म्हणतोय, ओठ हलतायत.
चौऱ्याहत्तर.

दुसऱ्या दिवशी दहा. संध्याकाळी पाच.
पाचाखाली मात्र मुंगीच्या पावलानं,
एकदम तोडलं तर सगळं पुन्हा आवळतं.
काटा लाल रेघेत शिरलाय
आणि दुसरं सिलिंडर
कोचाबांबाच्या रस्त्यावर कुठंतरी अडकलंय,
कुणी म्हणतं दरड, कुणी म्हणतं संप.

बासिलिया चाकाच्या खुर्चीतून आली, टाक्यांवर हात धरून.
नवऱ्याला म्हणाली, इंजिन घासून आलास का?
त्याच्या जाकिटाला आज वास नव्हता.
गाडी तो खालच्या गल्लीत बंद करून
चालत वर येतो म्हणे, परवापासून.
मी त्याला सांगितलं नाही
की त्यानं काही फरक पडत नाही.

तिसरी रात्र. एक.
एकवरून शून्यावर यायला मला चाळीस मिनिटं लागली.
शून्य.
पायाला सत्त्याऐंशी. ब्याऐंशी.
नॉबवरचा हात मी काढत नाही.
ब्याऐंशी.
पंच्याऐंशी.

खाली रस्त्यावर कुणाचीतरी पहिली गाडी खोकते,
पुन्हा खोकते,
सुरू होते.