सर्वांत पुढचं पान

मेमध्ये लश्करात बत्ती गेली
की मी जिन्यात येऊन वाचतो.
माझं जुनं यंत्र उजेड देत नाही, मागतं,
आणि ग्वाल्हेरात उन्हाची टंचाई नाही.

कोपऱ्याला तडा. पान उलटायला दोनदा दाबा,
तिसऱ्यांदा दाबलं तर दोन पानं गेलीच.
ऱ्हस्व वेलांटी ते शेजारच्या अक्षराला देतं:
दिवसाचा दविस, हिरव्याचा हरिवा.
सरकारी छापखान्यात एकतीस वर्षं प्रुफं तपासली,
अजून अंगठा पेन्सिल शोधतो.

ओजस पुण्याहून म्हणतो, मामा, नवं घ्या.
आतून उजेड, पाण्यात पडलं तरी चालतं,
वेलांट्या जागच्या जागी.
जुन्याचे सहाशे कापून देतात.
(पाण्यात कशाला पडेल? इथे नळाला
एक दिवसाआड पाणी.)

दौलतगंजच्या दुकानात हातात घेऊन पाहिलं.
हलकं. अक्षर असं नितळ
की चूक काढायला जागाच नाही.
दुकानदार म्हणाला, बाबूजी, रंग कौनसा?
मी म्हणालो, सोच के बताता हूँ,
आणि गजक घेऊन घरी आलो.

ओजसला एक सांगितलेलं नाही.
सकाळी दहा ते दोन ते यंत्र माझं नसतं.
वरच्या अनसूयाबाई टेंबे वाचतात.
दोनच्या ठोक्याला गॅलरीतून दोरीला बांधलेली पिशवी
हेलकावे खात खाली येते,
आत यंत्र, कधी चार कैऱ्या,
कधी चिठ्ठी : आज बासष्टाव्या पानावर हसले.

मी उघडतो. ते विचारतं :
तुम्ही पान एकशे बारावर आहात.
सर्वांत पुढचं वाचलेलं पान एकशे चाळीस.
तिथे जायचं?

नवं घेतलं तर जुनं त्यांना देईन,
सहाशे गेले तर गेले. सरळ हिशेब आहे.
दोघांना आपापलं.
दोरीला मग कोथिंबीर बांधता येईल.

काल पिशवी धरून वर पाहत विचारलंच,
नवं घेऊ का हो?
बाई कठड्यावरून वाकल्या, चष्मा सावरत.
घ्या की, म्हणाल्या,
पण आधी वाचून संपवा.
मला शेवट कोणाला तरी सांगायचाय.

तिथे जायचं?
नाही.
एकशे बारा. दविस कलला होता.