दोन दिवस, एक मुक्काम

अलिबागच्या स्टँडसमोर पागेबाई गाडीत बसल्या
आणि आरशात माझं तोंड बघून म्हणाल्या,
"उलडे ना तू? क तुकडी?"
शेवटच्या बाकावरचा मी आता पुढे बसतो.
बाई मागे, चष्मा दोरीला,
शेजारी शिवणाच्या तारकरबाई,
ज्यांना वळण यायच्या आधीच गाडी लागते.

एकतीस वर्षं बाईंनी किल्ले शिकवले.
फळ्यावर खडूच्या लाटा, लाटांत एक वाटोळं :
हा जंजिरा.
पाहिला नव्हता एकही.
शाळेची सहल दरवर्षी महाबळेश्वरला जायची.

चौलला रामेश्वराच्या देवळात विचारलं,
पावसाचं कुंड कुठलं, वाऱ्याचं कुठलं.
पुजाऱ्याने बोटाने फरशी दाखवली.
त्या बराच वेळ फरशीकडेच बघत राहिल्या.
रेवदंड्याला सातखणीचे मजले मोजले, चारच भरले.
"पुस्तकात सात आहेत," म्हणून
पुन्हा खालून सुरुवात केली.
मागे तटाच्या आत कुणाचं तरी धुणं वाळत होतं,
दोन सुपाऱ्यांना बांधलेल्या दोरीवर.

कोर्लईला मासे साफ करता करता एक बाई
शेजारणीशी असं काही बोलली
की तारकरबाईंची मळमळ थांबली.
"पोर्तुगीज गेले," मी म्हटलं,
"आणि भाषा विसरून गेले. छत्री विसरावी तशी."
बाईंनी ते वहीत लिहून घेतलं.
माझं वाक्य. बाईंच्या वहीत.
मला इतिहासात शंभरात एकोणीस होते.

राजपुरीहून शिडाची होडी.
होडीवाला माझा मावसभाऊ,
तोफेचा पल्ला तो दर हंगामात थोडा वाढवतो.
बाईंनी दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं.
"पाऊण तास," दरवाज्याशी उतरताना तो म्हणाला,
"नाहीतर ओहोटी लागेल."

सगळे तोफेकडे गेले.
मी बाईंना तळ्यामागे नेलं, झुडपं बाजूला करत.
एक जोतं. छप्पर नाही, दार नाही.
जमिनीत उखळ, त्यात साठलेलं पाणी,
पाण्यात बेडकाची शेपटीवाली पोरं.
"हे आमचं."
"आमचं म्हणजे?"
"पणजोबांचं घर. किल्ला सोडला तेव्हा
वासे नेले, दारं नेली, मांजरसुद्धा नेलं होडीतून.
हे उपटता येईना."

बाई पदर आवरून जोत्यावर टेकल्या.
"वर्गात कधी बोलला नाहीस."
"तुम्ही विचारायचात, जंजिऱ्यावर कोणी कोणी स्वारी केली.
आत कोण जेवायला बसलं होतं,
असा प्रश्न नव्हता, बाई."

खालून भावाची शिट्टी आली. मग आणखी एक.
बाईंनी पाण्यात बोट बुडवलं, जिभेला लावलं,
"गोडं आहे," म्हणाल्या.
पावसाचं पाणी, गोडंच असणार.
पण मी काही बोललो नाही.

दिघीला जाताना फेरीवर गाडी उलटी घ्यायची होती.
बाई खाली उतरून उभ्या राहिल्या,
"ये, ये, ये, अजून ये, बस्स!"
अख्खी जेटी गप्प झाली, क तुकडीसारखी.
श्रीवर्धनला मुक्काम, आंबोळ्या, डास.
दाभोळला मशिदीच्या दाराला कुलूप,
किल्लीवाला लग्नाला गेलेला दापोलीला.
पायरीवर बसून तिघांनी शेंगदाणे खाल्ले,
घुमटावर एक शेळी होती, ती कशी चढली
यावर दोघी चिपळूणपर्यंत भांडत होत्या.

स्टेशनवर पैसे मोजून दिले,
चारशे बारा किलोमीटरचे, वर एक रुपया नाही.
गाडी लागली. डब्याच्या खिडकीतून हाक आली,
"उलडे! ते उखळ किती खोल? वीतभर?"
"दीड वीत, बाई."
वही उघडली, पेन उठेना.
मी माझं दिलं, पावत्या फाडायचं, निळं,
टोपण चावलेलं.

ते अजून परत आलेलं नाही.